स्ट्रेस, उंदीर आणि चुना

स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये पास झालेल्या (किंवा केटी राहिलेल्या) कोणालाही झोपेतून उठवून विचारा, स्ट्रेस म्हणजे काय? लोड भागिले एरिया, असं उत्तर देऊन तो पुन्हा झोपेल. पण हाच प्रश्न सबमिशनच्या आदल्या रात्री दीड वाजता होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये विचारलात, तर तो सही व्हायच्या जर्नल्सच्या ढिगाकडे नुसतं बोट दाखवेल. शब्द एकच. पहिला लोखंडाचा, दुसरा माणसाचा. आपल्या लॅबमधला हा शब्द माणसाच्या अंगात नेऊन बसवला कोणी?

त्या माणसाचं नाव हान्स सेल्ये. स्ट्रेसचा जनक म्हणून जग त्यांना ओळखतं. मॅनेजमेंटच्या पुस्तकात, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या शिबिरात त्यांचं नाव हटकून येतं. मला मात्र हे नाव भेटलं ते वेगळ्याच वाटेने, आमच्या घरातल्या एका आजारपणात. किडनी निकामी झालेल्या काही लोकांच्या कातडीत कॅल्शियम साठतं, आणि त्यातल्या सगळ्यात भयंकर प्रकाराला 'कॅल्सिफायलॅक्सिस' म्हणतात. हे नाव पाडलं सेल्ये यांनीच. गंमत म्हणा किंवा दैवदुर्विलास म्हणा, या रोगाचं नाव ठेवताना त्यांच्यासमोर रोगी नव्हता, होते फक्त पांढरे उंदीर. म्हणून हा लेख त्यांच्या आयुष्यावर आणि त्या नावावरही.

सेल्ये यांचा जन्म २६ जानेवारी १९०७ रोजी व्हिएन्ना शहरात झाला. वडील हंगेरियन, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेत सर्जन, आई ऑस्ट्रियन. बालपण गेलं डॅन्यूब नदीकाठच्या कोमारोम या गावात. पहिलं महायुद्ध संपलं, साम्राज्य मोडलं आणि नवी सरहद्द थेट नदीतूनच आखली गेली. नदीच्या उत्तरेचं गाव चेकोस्लोव्हाकियात गेलं, दक्षिणेचं हंगेरीत राहिलं. शाळा ख्रिस्ती मठातली. घरात हंगेरियन आणि जर्मन, शिवाय शिकवायला येणाऱ्या बायांकडून फ्रेंच आणि इंग्रजी. त्यामुळे लहानपणीच चार भाषा त्याच्या तोंडात बसल्या. इतक्या भाषा येऊनही पुढे एका इंग्रजी शब्दानेच त्यांची पंचाईत केली, ते पुढे सांगतो.

वयाच्या सतराव्या वर्षी हान्स प्रागच्या जर्मन विद्यापीठात मेडिकलला दाखल झाला. सुरुवातीच्याच वर्षांतला एक तास त्याच्या कायम लक्षात राहिला. प्राध्यापकांनी वर्गासमोर वेगवेगळ्या संसर्गाचे पाच-सहा पेशंट आणले. प्रत्येकाच्या अंगावरची बारीकसारीक खूण दाखवून, यावरून हा अमुक रोग आणि त्यावरून तो तमुक, असं ते समजावत होते. सगळा वर्ग फरक लिहून घेत होता. या पोराच्या मनात भलताच प्रश्न आला. या सगळ्यांची जीभ पांढरी, सगळ्यांचं अंग दुखतंय, कोणालाच भूक नाही, सगळेच वाळलेत. म्हणजे 'आजारी दिसणं' हे सगळ्यांत सारखंच आहे, मग त्याबद्दल कोणीच का बोलत नाही? प्रश्न इतका बाळबोध होता की कोणी मनावर घेतला नाही. आपल्याकडे वर्गात असा प्रश्न विचारला तर मागच्या बाकावरून काय आवाज येतात, ते वेगळं सांगायला नको!

१९२९ साली एमडी आणि १९३१ मध्ये सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएचडी झाली. मग रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला गेले आणि तिथून कॅनडात, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात. तिथे त्यांचे प्रमुख होते जे. बी. कॉलिप. इन्सुलिन शुद्ध करणाऱ्या टीममधले हेच ते कॉलिप. पॅराथायरॉइड ग्रंथींचा परिणामकारक अर्कही त्यांनी १९२५ मध्ये काढला होता. मानेतल्या या चिमुकल्या ग्रंथी रक्तातल्या कॅल्शियमचा हिशोब ठेवतात. या ग्रंथी लक्षात ठेवा, नंतर लागतील.

मॅकगिलमध्ये सेल्ये एक नवीन हॉर्मोन शोधत होते. ओव्हरीचा अर्क उंदरांना टोचला, की तीन गोष्टी हमखास दिसायच्या. ॲड्रिनल ग्रंथी सुजायच्या, थायमस आकसायची आणि जठरात अल्सर व्हायचे. तरुण संशोधक हरखून गेला. पण मग दुसऱ्या अवयवांचे अर्क टोचले, तरी तेच. शेवटी वैतागून फॉर्मेलिन टोचलं, तरी तेच! म्हणजे नव्या हॉर्मोनचा महाल कोसळला. दुसरा कोणी असता तर प्रोजेक्ट गुंडाळून मोकळा झाला असता. सेल्ये यांना मात्र प्रागचा तो तास आठवला. हे 'नुसतं आजारी असणं' तर नव्हे? मग त्यांनी उंदरांना थंडीत ठेवलं, जखमा केल्या, दमेपर्यंत पळवलं. तिन्ही खुणा प्रत्येक वेळी हजर. ४ जुलै १९३६ च्या 'नेचर'मध्ये याबद्दलचं त्यांचं छोटंसं पत्र छापून आलं. एका पानात मावेल एवढंच. एका कल्पनेचं अख्खं साम्राज्य पुढे त्या पानावर उभं राहिलं.

त्या कल्पनेत तीन टप्पे आहेत. आधी शरीर खडबडून जागं होतं. मग झुंजतं, जमवून घेतं. आणि त्रास थांबलाच नाही, तर शेवटी थकतं. आपल्या लॅबमध्ये युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर माइल्ड स्टीलचा रॉड ओढताना जो आलेख येतो तो डोळ्यांसमोर आणा. आधी सरळ रेषा, मग यील्ड, मग रॉड थोडा वेळ जास्तच जोर धरतो, मग कंबर बारीक होते आणि फटकन तुटतो. साम्य वरवरचं आहे, पण शब्द तिकडूनच आला. त्यातच ती पंचाईत झाली. आपल्या भाषेत बाहेरून लावलेल्या लोडशी बांधलेला तो स्ट्रेस आणि त्यामुळे पदार्थाच्या आकारात होणारा बदल तो स्ट्रेन. सेल्ये यांना सांगायचं होतं ते शरीरात होणाऱ्या बदलाबद्दल, म्हणजे शब्द हवा होता स्ट्रेन. तेव्हा आपलं इंग्रजी पुरेसं पक्कं नव्हतं, नाहीतर आपण स्ट्रेनच म्हटलं असतं, अशी कबुली त्यांनी पुढे दिली. पण तोवर शब्द हाताबाहेर गेला होता. मग त्रासाच्या कारणाला त्यांनी 'स्ट्रेसर' असा नवा शब्द पाडला आणि गाडी पुढे नेली. थोडक्यात, जगभरची माणसं रोज जो शब्द वापरतात, तो आपल्या व्हायव्हात वापरला तर एक्स्टर्नल मार्क कापेल!

१९४५ मध्ये ते मॉन्ट्रियल विद्यापीठात गेले आणि तिथल्या प्रायोगिक वैद्यक व शल्य संस्थेचे संचालक झाले. १९७६ पर्यंत तिथेच होते. कामाचा झपाटा दांडगा. शेकड्यांनी शोधनिबंध, तीसेक पुस्तकं, आणि ताणावर जगात छापलं जाणारं सगळं वर्गवारी लावून ठेवण्यासाठी चिन्हांची खास पद्धत. १९५६ साली त्यांचं 'द स्ट्रेस ऑफ लाइफ' आलं आणि ते घराघरांत पोचले. त्याच वर्षी हंगेरीतल्या उठावात गोळीबारात त्यांच्या आईचा मृत्यू झाला. नोबेलसाठी त्यांचं नाव अनेकदा सुचवलं गेलं, पण मिळालं नाही. मिळालं ते त्यांच्या हाताखाली पीएचडी केलेल्या रॉजर गिलमां यांना, १९७७ मध्ये.

आता चुन्याकडे वळू. स्ट्रेसचं नाव झाल्यावर साठीच्या दशकाच्या सुरुवातीला सेल्ये यांनी एक निराळाच प्रयोग लावला. उंदरांना व्हिटॅमिन डी सारखं काम करणारं एक रसायन भरपूर द्यायचं किंवा पॅराथायरॉइडचं हॉर्मोन टोचायचं. याला त्यांनी शरीर 'तयार' करणं म्हटलं. मग थोडा काळ थांबायचं. आणि मग कातडीवर एखादी किरकोळ आगळीक करायची, म्हणजे चिमट्याने थोडे केस उपटायचे किंवा लोखंडाचा क्षार टोचायचा. दोन-तीन दिवसांत नेमक्या त्याच जागी कातडीत कॅल्शियम साठून ती टणक व्हायची. नुसत्या रसायनाने हे होत नव्हतं, नुसते केस उपटूनही होत नव्हतं. दोन्ही हवं, आणि क्रमही तोच हवा. काही उंदरांची तर अख्खी कातडी कवचासारखी कडक झाली आणि सापाने कात टाकावी तशी गळून पडली. खाली नवी कोरी कातडी तयार! हा निबंध १९६१ साली 'सायन्स'मध्ये आला आणि १९६२ मध्ये 'कॅल्सिफायलॅक्सिस' नावाचा जाडजूड ग्रंथ. 'कॅल्सि' म्हणजे कॅल्शियम, आणि 'फायलॅक्सिस' हा संरक्षण या अर्थाचा ग्रीक शब्द. शरीर स्वतःला वाचवायला कॅल्शियम वापरतं, असा त्यांचा तर्क होता.

पुस्तक वाचून डॉक्टर मंडळी चमकली, कारण कातडीत आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठलेले किडनीचे पेशंट त्यांनी पाहिले होते. तसं हे जुनंच. रक्तातलं कॅल्शियम वाढून नको त्या ठिकाणी जाऊन बसतं, हे जर्मनीच्या रुडॉल्फ विर्शो यांनी १८५५ मध्येच लिहून ठेवलं होतं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या एका तान्ह्या बाळाच्या रोहिण्यांत कॅल्शियम साठल्याची नोंद १८९८ मध्ये लंडनहून छापली गेली होती. पण या सगळ्याला एक नाव नव्हतं. सेल्ये यांच्या पुस्तकाने ते आयतं हातात दिलं आणि उंदरांचं नाव माणसांना चिकटलं.

माझे धाकटे मामा चार वर्षं डायलिसिसवर होते. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास. एका पावसाळ्यात त्यांच्या मांडीवर जाळीसारखे जांभळट चट्टे उठले. हाताला खाली गाठी लागायच्या. गळू असेल म्हणून घरात पोटीस बांधायचं ठरत होतं, पण दुखणं इतकं की अंगावर चादर टेकलेली सहन होईना. हळूहळू मध्यभाग काळा पडला. मोठ्या डॉक्टरांनी रोगाचं नाव एका कागदावर लिहून दिलं. घरात कोणालाच ते उच्चारता येईना, तेव्हा आईने तो कागद माझ्याकडे दिला, का तर मी इंजिनिअरिंगला! मी लायब्ररीत बसलो, नेटवर शोधलं, मेडिकलच्या मित्रांना छळलं. तेव्हा जे कळलं ते सोपं करून सांगतो.

होस्टेलच्या गिझरची कॉइल काढून पाहिलीत का कधी? त्यावर जो पांढरा थर बसतो तो कॅल्शियमचाच. किडनी बिघडली की तसंच काहीसं होतं. जेवणातला फॉस्फेट लघवीवाटे बाहेर जात नाही, रक्तात साठतो. व्हिटॅमिन डी कामाचं रूप घेतं ते मुख्यतः किडनीत, तेही थांबतं. त्यामुळे आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं. मग मानेतल्या त्या पॅराथायरॉइड ग्रंथी घाबरून जास्त हॉर्मोन सोडतात आणि हाडांतून कॅल्शियम ओढून काढतात. हाडं पोकळ व्हायला लागतात, आणि तिथून निघालेलं कॅल्शियम फॉस्फेटशी जोडी जमवून भलत्याच ठिकाणी बसतं. गिझरपेक्षा हे प्रकरण एका बाबतीत जास्त गुंतागुंतीचं आहे. रक्तवाहिनीची भिंत म्हणजे मुका पाइप नव्हे. तिच्यातल्या स्नायूपेशी अशा वातावरणात स्वतःचं काम सोडून हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात. हे रोखणारी काही प्रथिनं शरीरात असतात. त्यातल्या एकाला व्हिटॅमिन के लागतं. म्हणूनच रक्त पातळ करणारं वॉरफरिन हे औषध, जे व्हिटॅमिन के ला आडवं येतं, अशा पेशंटमध्ये धोका वाढवतं.

कातडीतलं कॅल्शियम दोन तऱ्हेचं. पहिल्यात सांध्यांजवळ किंवा बोटांवर खडूच्या कणांसारख्या टणक गाठी येतात. त्रास होतो, पण फॉस्फेट आटोक्यात आणला की त्या कमी होऊ शकतात. दुसरा प्रकार मामांचा. यात कातडीखालच्या चरबीतल्या बारीक रोहिण्यांच्या भिंतींत कॅल्शियम बसतं, आतली वाट अरुंद होते, रक्ताची गुठळी अडकते आणि त्यावरची कातडी उपासमारीने मरते. जखम भरत नाही, जंतू शिरतात आणि तिथून रक्तात पसरतात. हा रोग विरळा आहे. अमेरिकेत हिमोडायलिसिसवरच्या दर दहा हजार माणसांमागे वर्षाला साधारण पस्तीस. पण ज्याला होतो, त्यांतले निम्मे किंवा त्याहून जास्त वर्षाच्या आत जातात. मामा पाच महिने झुंजले.

नीट बघितलं तर सेल्ये यांच्या उंदरांत आणि माणसांत मोठा फरक आहे. उंदरांच्या कातडीच्या थरांत कॅल्शियम बसलं होतं, बारीक रोहिण्या बंद पडून कातडी मेली नव्हती. उंदीर कात टाकून पुन्हा नवे झाले, माणसं होत नाहीत. रोगाला आता 'कॅल्सिफिक युरेमिक आर्टेरिओलोपथी' असं दुसरं, जास्त नेमकं नावही आहे. पण हॉस्पिटलच्या कागदावर आजही बहुधा सेल्ये यांचाच शब्द दिसतो. स्ट्रेससारखाच हाही शब्द थोडा चुकीच्या जागी बसला आणि तिथेच पक्का झाला. तरी एक गोष्ट त्यांची खरी ठरली. आधी शरीर तयार होतं आणि मग काहीतरी निमित्त लागतं, हा दोन पायऱ्यांचा विचार डॉक्टरांना अजून उपयोगी पडतो. फॉस्फेट, पॅराथायरॉइड, मधुमेह, लठ्ठपणा ही तयारी; आणि वारंवार एकाच जागी टोचलेली इंजेक्शनं किंवा कसली तरी इजा हे निमित्त.

उपचारांत एक नाव वाचून मी उडालोच. सोडियम थायोसल्फेट! म्हणजे केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये ब्युरेटमधून आपण थेंब थेंब सोडतो तेच, आणि फिल्मचे फोटो धुणाऱ्यांचा 'हायपो' तोही हाच. डायलिसिस चालू असताना हा शिरेतून देतात. या रोगात तो वापरल्याचं २००४ पासून वैद्यकीय नियतकालिकांत छापून येऊ लागलं. काहींना त्याने आराम पडतो, पण तो नक्की किती उपयोगी हे अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही. बाकी उपाय म्हणजे फॉस्फेटवर लगाम, जखमेची काळजी आणि वेदना कमी करणं.

आता सेल्ये यांच्या आयुष्याची काळी बाजू. ती लपवली तर हा लेख नुसती आरती होईल. १९६९ मध्ये कॅनडाच्या संसदेची आरोग्य समिती सिगरेटच्या जाहिरातींवर बंधनं आणण्याचा विचार करत होती. तेव्हा सेल्ये यांनी तिच्यापुढे तंबाखू कंपन्यांना सोयीची साक्ष दिली. सिगरेट ओढल्याने माणसाचा ताण हलका होतो, असा सूर लावला. आणि त्यांच्या संशोधनाला तंबाखू उद्योगाकडून पैसे मिळत होते, हे त्या कंपन्यांची जुनी कागदपत्रं उघड झाल्यावर जगाला कळलं. गेटबाहेरच्या टपरीवर टेन्शन आलं म्हणून जी सिगरेट पेटते, तिच्या बाजूने एवढा मोठा शास्त्रज्ञ उभा राहिला होता, हे वाचून मला वाईट वाटलं. दुसरं म्हणजे, सगळ्या त्रासांना शरीर अगदी सारखंच उत्तर देतं, हा त्यांचा सिद्धांतही पुढच्या संशोधकांनी बराच खोडून काढला.

सत्तरीच्या दशकात सेल्ये यांना स्वतःलाच कॅन्सर झाला. त्यातून ते वाचले. १९७४ मध्ये, सगळाच ताण वाईट नसतो, हे सांगणारं पुस्तक लिहिलं आणि अखेरपर्यंत काम करत राहिले. १६ ऑक्टोबर १९८२ रोजी मॉन्ट्रियलमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या लहानपणच्या गावात, नदीच्या स्लोव्हाकियाकडच्या काठावर, २००४ पासून त्यांच्या नावाचं विद्यापीठ चालू आहे.

या माणसाबद्दल मी कितीतरी दिवस विचार करत होतो. देव म्हणावा असा तो नव्हता. पण वाया गेलेल्या प्रयोगात त्याने काहीतरी पाहिलं, कारण विद्यार्थीदशेत मनात आलेला बावळट प्रश्न त्याने टाकून दिला नव्हता. त्याने ठेवलेली नावं नेमकी नव्हती. तरीही त्या नावामुळेच मामांच्या डॉक्टरांना पुस्तक उघडता आलं, जगात इतरत्र काय करून पाहिलंय ते शोधता आलं. तेवढं तरी नाव करतंच. पुढचं काम राहिलेलं आहे, आणि ते फक्त डॉक्टरांचं नाही. नळीच्या भिंतीत क्षार का बसतो, कुठे आधी बसतो, बसलेला कसा विरघळवायचा, हे आपल्याच सिलॅबसच्या शेजारचे प्रश्न आहेत. ज्यांना फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय सुचत नाही त्यांनी इकडे बघावं.

आणि एक साधी विनंती. तुमच्या घरात, शेजारात कोणी डायलिसिसवर असेल आणि त्यांच्या मांडीवर, पोटावर किंवा पायावर दुखरा जांभळा चट्टा किंवा कडक गाठ दिसली, तर गळू म्हणून शेकत बसू नका. त्याच दिवशी किडनीच्या डॉक्टरांना दाखवा.